चौथ्या आठवड्यातलं "बघते की": फाउंड्रीतून कन्सल्टिंगमध्ये आलेल्या नव्या मॅनेजरचं प्रकरण

आमच्या फर्ममध्ये बाहेरून थेट मॅनेजर म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या सहा महिन्यांत दमतात, आणि त्यांना कामातलं कमी कळतं म्हणून दमतात असं मला तरी कधी दिसलं नाही. हे प्रकरण मी जवळून पाहिलंय, कारण त्या नव्या मॅनेजर मॅडमचा बडी, म्हणजे फर्मच्या रीती समजावणारा जोडीदार, म्हणून फर्मने मलाच नेमलं होतं. क्लायंट, माणसं, फर्म कोणाचंच नाव देत नाही, आकडे थोडे बदललेत पण प्रमाण तेच ठेवलंय.

पार्श्वभूमी

तिचा ११ वर्षांचा अनुभव फाउंड्री (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना) आणि ऑटो कंपोनंटचा, आधी भोसरी मग चाकण. मेथड्स, क्वालिटी, शेवटची चार वर्षं प्लांटचं प्रॉडक्शन. एप्रिलमध्ये ती आमच्या पुणे ऑफिसला ऑपरेशन्स प्रॅक्टिसमध्ये मॅनेजर म्हणून जॉइन झाली, सहा महिन्यांचं प्रोबेशन. तिला घेतलं त्यामागचं कारण सरळ होतं, आमच्याकडे डेक (प्रेझेंटेशन) बनवणारी पोरं भरपूर होती पण साच्याची वाळू हातात घेऊन मूठ दाबून मॉइश्चर जास्त आहे की कमी ते सांगणारं कोणी नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचं पहिलं प्रोजेक्ट सुरू झालं, कोल्हापूरच्या बाजूची एक ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची (बिडाच्या दोन प्रकारांची) फाउंड्री. कोल्हापूरचा हा धंदा जुना आहे, उसाचे चरक आणि शेतीची ऑइल इंजिनं यांच्या आधाराने वाढला आणि आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा पसरलाय, ट्रॅक्टरची आणि ट्रकची कास्टिंग (ओतीव भाग) इथून देशभर जातात. हा कारखाना महिन्याला साधारण १,४०० टन मेटल ओतायचा. मालकी घरचीच, दुसरी पिढी चालवते, त्यांना सगळे दादा म्हणतात, आणि वडील म्हणजे आण्णा अजूनही रोज सकाळी एक फेरी मारतात.

काम होतं रिजेक्शन, म्हणजे सदोष निघून बाद होणाऱ्या कास्टिंगचं प्रमाण, कमी करायचं. जानेवारी ते मार्चची सरासरी ८.४ टक्के होती आणि १० आठवड्यांत ती ६ टक्क्यांवर आणायची असं एंगेजमेंट लेटरमध्ये (क्लायंटशी झालेल्या कामाच्या करारपत्रात) लिहिलेलं. टीम म्हणजे ती मॅनेजर, दोन असोसिएट, एक पहिल्या वर्षाची अॅनालिस्ट, आणि पार्टनर आठवड्यातून एक दिवस. फी ४० लाख, प्रवास राहणं वेगळं.

इथे पैशाचा हिशोब थोडा उलगडून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे आणि नव्या मॅनेजरला तो कोणी नीट सांगत नाही. फर्मच्या रेट कार्डवर मॅनेजरचा दिवस ३०,००० चा, असोसिएटचा १८,००० चा, अॅनालिस्टचा १०,००० चा, पार्टनरचा ६०,००० चा. म्हणजे टीमचा एक दिवस ७६,००० चा. १० आठवडे म्हणजे ५० दिवस, त्याचे ३८ लाख, पार्टनरचे १० दिवस म्हणजे ६ लाख, एकूण ४४. मिळणार ४०. म्हणजे रियलायझेशन ९१ टक्के, आमच्याकडे हे बरं समजतात. पण टीमचा एकेक जादा दिवस त्यातून ७६,००० खाऊन जातो, आणि क्लायंटला त्याचं बिल लागत नाही.

तिने हा शीट पहिल्यांदा बघितला तो पाचव्या आठवड्यात. त्याआधी लॅपटॉप, ट्रॅव्हल पॉलिसी, टाइमशीट कुठे भरायचा हे सगळं मी तिला सांगितलं होतं, हा शीट दाखवला नव्हता. ती माझी चूक, पुढे परत येईनच त्यावर.

अडचण कशी वाढत गेली

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट घडली जी त्या वेळी कोणाला दिसली नाही. एंगेजमेंट लेटर वाचताना तिच्या लक्षात आलं की बेसलाइन, म्हणजे ज्या आकड्याशी तुलना करायची तो, जानेवारी ते मार्चची आहे आणि प्रोजेक्ट जून ते ऑगस्टचं. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला यातला घोळ लगेच कळतो. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) तो शोषून घेतो, मग गरम मेटल त्यावर आलं की वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी. स्क्रॅप उघड्यावर असेल तर ते ओलं, त्यातून पिनहोल (बारीक छिद्रं), शिवाय विजेच्या इंडक्शन फर्नेसमध्ये ओलं स्क्रॅप टाकणं धोक्याचं. म्हणजे काहीही न करता जुलैमध्ये रिजेक्शन वरच जाणार. ८.४ वरून ६ म्हणजे प्रत्यक्षात १०-११ वरून ६, तेही १० आठवड्यांत.

ती गप्प बसली. मला नंतर म्हणाली, "मला वाटलं पार्टनरने २० वर्षं हेच केलंय, त्यांनी विचार केलाच असेल, आणि पहिल्याच आठवड्यात मी जाऊन तुमचं लेटर चुकलंय असं कसं म्हणू." ज्या एका गोष्टीसाठी तिला घेतलं होतं नेमकी तीच गोष्ट तिने तोंडातून काढली नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच लागलं.

दुसरी अडचण सुट्टीची. या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. ती भोसरीतली, तिला गुरुवारची सवय, पण इथे मुद्दा वेगळाच झाला, आमची टीम सोमवारी पुण्याच्या ऑफिसात डेकवर बसायची आणि मंगळवार ते शनिवार कारखान्यात. सहा दिवसांचा आठवडा झाला आणि स्टाफिंगच्या प्लॅनमध्ये मात्र पाचच दिवस. पुणे कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे, शनिवारी संध्याकाळी निघून घरी पोचायला रात्र, आणि रविवार कपडे धुण्यात गेला की सोमवारी परत ऑफिस.

तिसरी अडचण तिची स्वतःची सवय. सकाळी ७ ला ती मोल्डिंग लाइनवर, सँड लॅबमध्ये, कोअर शॉपमध्ये, फोरमन मामांबरोबर, आणि खरं सांगायचं तर तिथे तिला फार छान वाटायचं. मामा सुरुवातीला तुटक होते, पण तिने वाळूची कॉम्पॅक्टॅबिलिटी (दाबल्यावर ती किती बसते) दर अर्ध्या तासाला का तपासायची ते स्वतः करून दाखवल्यावर तिला चहाला बोलवायला लागले. पण टीम दिवसभर कॉन्फरन्स रूममध्ये तिची वाट बघत असायची. रिव्ह्यू हॉटेलवर रात्री ९ ला. तेव्हा तिला कळायचं की अॅनालिस्टने पॅरेटो (कुठल्या दोषाने किती रिजेक्शन, त्याचा उतरता तक्ता) चुकीच्या डिफेक्ट कोडवर केलाय, मग समजावून सांगण्यापेक्षा लॅपटॉप ओढून घ्यायची आणि स्वतः दुरुस्त करायची, रात्री १ वाजता झोपायची. प्लांटमध्ये हे चालतं, लाइन थांबलेली असताना तुम्ही शिकवत बसत नाही, हात घालता. इथे ती अॅनालिस्ट समोर बसून फक्त बघत राहायची, शिकायचं राहून जायचं.

तिसऱ्या आठवड्यात पहिली स्टीअरिंग कमिटी, म्हणजे क्लायंटसमोरची आढावा बैठक. डेक तिने प्लांटच्या ८डी रिपोर्टसारखा (दोष शोधून दुरुस्त करायच्या ठरलेल्या पायऱ्यांचा रिपोर्ट) लिहिला होता, आधी प्रॉब्लेम, मग डेटा, मग कारणं, शेवटी उपाय. आमच्या धंद्यात उलटं चालतं, उत्तर पहिल्या पानावर आणि त्याचे आधार खाली, बार्बरा मिंटो यांनी मॅकिन्झीत काम करताना मांडलेली ती पिरॅमिडची रीत आता सगळीकडे अंगवळणी पडलीये. दादा सहाव्या स्लाइडला फोन बघायला लागले. पण त्याहून वाईट म्हणजे अकराव्या स्लाइडवर शिफ्टनुसार रिजेक्शन होतं आणि बी शिफ्ट लाल रंगात. प्रॉडक्शन हेडना ते तिथेच पहिल्यांदा दिसलं, मालकासमोर. मीटिंगआधी एकेकाला भेटून आपण काय दाखवणार ते सांगून ठेवायचं, आमच्याकडे त्याला प्रीवायर म्हणतात, ते झालंच नव्हतं. प्रॉडक्शन हेड एवढंच म्हणाले, "मॅडम, आकडे चुकलेत." आकडे चुकलेले नव्हते, पण पुढचे दोन आठवडे त्यांच्याकडून डेटा मिळणं बंद झालं.

आणि मग चौथा आठवडा. दादा तिला गेटवर भेटले.

"ताई, तुम्हाला फाउंड्रीतलं कळतंय म्हणून सांगतोय, आमचं वीजबिल जरा बघा की."

"बघते की दादा."

एवढंच झालं. वीजबिल हा तिचा हातखंडा विषय, तेव्हाच्या टॅरिफमध्ये रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत होती आणि हे लोक मोठ्या हीट (भट्टीत एका वेळी वितळवायचे घाणे) दुपारी काढत होते, हे तिला बिल न बघताच दिसत होतं. आदल्या आठवड्यात स्टीअरिंग कमिटीत झालेला अपमान भरून काढायला काहीतरी चांगलं देऊन टाकावं असंही तिला वाटलं असणार, मला तरी तसं वाटतं. पण वीजबिलाच्या मागून फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) कंत्राटदाराचे रेट आले, त्याच्या मागून डिस्पॅचचा ईआरपी रिपोर्ट आला. प्रत्येक वेळी काम छोटंच होतं. एक असोसिएट पूर्णवेळ त्यातच गेला आणि रिजेक्शनवर अडीच माणसं उरली.

पाचव्या आठवड्यात फायनान्सचा मेल आला की या प्रोजेक्टचे तास बजेटच्या पुढे चाललेत. त्यावर तिने टीमला सांगितलं की टाइमशीटमध्ये दिवसाचे ८ तासच टाका, बाकीचं मी बघते. तिचा हेतू टीमला प्रश्न विचारले जाऊ नयेत एवढाच होता. पण त्यामुळे प्रोजेक्ट कुठे गळतंय हे पार्टनरला दिसायची एकमेव खिडकी बंद झाली, आणि अॅनालिस्टला वाटलं की आपण रात्री बसतो त्याला काही किंमतच नाही.

त्याच आठवड्यात जूनचा आकडा आला, ९.१. त्याच्या पाठोपाठ जुलैचा पहिला पंधरवडा, १०.२. लेटरमध्ये ६ लिहिलेलं.

कोणते पर्याय होते

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी तिचा मला फोन आला. आवाज बसलेला होता. अॅनालिस्टने एचआरला मेल केला होता की मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाका. आम्ही डेक्कनला भेटलो आणि दोन अडीच तास एका वहीत पर्याय मांडत बसलो.

पहिला पर्याय, आहे तसं ओढत न्यायचं. उरलेले चार आठवडे सगळ्यांनी अजून जोर लावायचा, ती स्वतः रात्री जागेल. तिचा कल खरं तर इकडेच होता, कारण यात कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. पण गणित बसत नव्हतं, पाऊस सप्टेंबरपर्यंत आणि प्रोजेक्ट ऑगस्टच्या मध्यात संपणार, तुम्ही कितीही जागा, हवा कोरडी होणार नाही.

दुसरा, पार्टनरकडे अजून एक माणूस मागायचा. मिळालाही असता कदाचित. पण त्याला कारखाना समजायला दीड आठवडा, आणि जादा काम कुठून आलं हा प्रश्न निघणारच, म्हणजे सांगायचं ते सांगावं लागणारच होतं, फक्त हात पसरून.

तिसरा, क्लायंटला जादा कामाचं चेंज रिक्वेस्ट पाठवायचं, पैसे मागायचे. कागदावर हे सगळ्यात योग्य. आमच्यातले काही सीनियर अजूनही म्हणतात की तेच करायला हवं होतं. माझं मत वेगळं होतं, मुख्य कामाचा आकडा १०.२ असताना वीजबिलाचे पैसे मागायला गेलो तर दादांनी आम्हाला गेटपर्यंत सोडायला माणूस दिला असता. शिवाय ती "बघते की" म्हणून बसली होती, कोल्हापुरात शब्द दिला की दिला.

चौथा, अदलाबदल. काही जादा कामं पूर्ण करायची, काही सोडायची, आणि सोडलेल्याच्या बदल्यात क्लायंटकडून काहीतरी घ्यायचं. याच्याबरोबर बेसलाइनचा विषय उघड करायचा.

मग प्रश्न आला की आधी कोणाशी बोलायचं. तिचं म्हणणं होतं दादांशी आपलं जमतं, आधी त्यांना विश्वासात घेते. मी यावर आडवा पडलो. लेटरवर सही पार्टनरची आहे, त्यातला आकडा बदलायची गोष्ट पार्टनरच्या आधी क्लायंटच्या कानावर गेली तर तिला कोणीच वाचवू शकलं नसतं. हा सल्ला मी आजही तसाच देईन.

काय केलं

सोमवारी सकाळी तिने पार्टनरसमोर एक पान ठेवलं. काय कबूल केलंय, नंतर काय काय वाढलं आणि कोणाच्या शब्दाने वाढलं, प्रत्येकाचे खरे तास किती, आणि बाहेर पडायच्या तीन वाटा. "कोणाच्या शब्दाने" च्या खाली तिन्ही ओळींत तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. टाइमशीटचंही सांगितलं.

पार्टनर जादा कामावर फारसे चिडले नाहीत, म्हणाले पहिल्या प्रोजेक्टला सगळ्यांचं होतं. बेसलाइनवर मात्र चिडले. "पहिल्या आठवड्यात सांगितलं असतंस तर एका फोनचं काम होतं. आता मला सहा आठवड्यांनी जाऊन सांगायचंय." आणि मग थोडं थांबून म्हणाले की विकताना हे मी तरी कोणाला विचारायला पाहिजे होतं. ते वाक्य त्यांनी म्हटलं म्हणून पुढचं सोपं झालं असं मी मानतो.

मग तिने गेल्या ३ वर्षांचे महिनावार रिजेक्शनचे आकडे काढले. डेटा प्रॉडक्शन हेडकडे होता, जे तिच्याशी बोलत नव्हते. ती मंगळवारी त्यांच्या केबिनमध्ये गेली, दार लावून घेतलं आणि सांगितलं की त्या मीटिंगआधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं, माझं चुकलं. त्यांनी लगेच काही म्हटलं नाही. दुपारी पेन ड्राइव्ह पाठवला. त्यात बी शिफ्टचं कोडंही सुटलं, मोठे आणि जास्त कोअर असलेले जॉब प्लॅनिंगवाले बी शिफ्टला टाकत होते, सकाळी बनवलेले कोअर तोपर्यंत शेडच्या दारात सात आठ तास उघडे पडलेले असायचे. शिफ्टच्या माणसांचा त्यात दोष नव्हताच.

तीन वर्षांचं चित्र स्पष्ट होतं, दर पावसाळ्यात रिजेक्शन दोन अडीच टक्क्यांनी वर. गेल्या ऑगस्टचा पहिला पंधरवडा १०.९ होता.

शुक्रवारी कारखान्यात बैठक. पार्टनर बरोबर होते, पण बोलली ती. डेक नव्हता, एक पान, त्यावर तीन वर्षांच्या रेषा. पहिलं वाक्य असं होतं की ऑगस्टमध्ये ६ टक्के येणार नाही, आणि का येणार नाही ते मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. दादांचा चेहरा उतरला. आण्णा कोपऱ्यात बसले होते, त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "पावसात कोअर पाणी धरतोय, हे आमी कवापास्नं बघतोय. ह्यात नवीन काय न्हाई. करायचं काय ते सांगा."

तिथून पुढे बोलणं कामाचं झालं. ठरलं ते असं. मोजमाप गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी, आणि ६ टक्क्यांचं लक्ष्य नोव्हेंबरमध्ये तपासायचं. वीजबिलाचं काम दोन पानांची नोट देऊन संपवायचं. फेटलिंगचे रेट आणि डिस्पॅच रिपोर्ट आम्ही सोडायचे. त्याच्या बदल्यात दादांनी एक क्यूए (क्वालिटीचा) इंजिनियर पूर्णवेळ रिजेक्शनच्या वहीला द्यायचा, जो आम्ही गेल्यावरही ती वही चालवेल. फी वाढणार नाही, शेवटी टीम ४ दिवस जास्त थांबेल, तो खर्च फर्मचा.

कारखान्यात जे बदलायचं ते काही अवघड नव्हतं, आणि ते तिला दुसऱ्या आठवड्यातच माहीत होतं. कोअरसाठी बंद खोली आणि डिह्युमिडिफायर, रॅकवर तारखेची आणि वेळेची चिठ्ठी, आधी बनलेला कोअर आधी वापरायचा, वॉश (कोअरवरचा लेप) लावल्यावर ओव्हनमधून काढल्याशिवाय कोअर लाइनवर न्यायचा नाही, स्क्रॅपवर शेड, वाळूचं मॉइश्चर ठरलेल्या पट्ट्यात. मोठे कोअर जॉब सकाळच्या शिफ्टला.

टीममध्ये तिने दोनच बदल केले. रिव्ह्यू दुपारी ४ ला, कारखान्यातच. आणि सोमवारी सगळ्यांना सुट्टी, कारखान्यासारखीच. अॅनालिस्टशी ती स्वतः बोलली, पण त्या मुलीने जायचं ठरवलं होतं आणि आठव्या आठवड्यात ती दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही, दादांचा क्यूए इंजिनियरच तो डेटा भरायला लागला.

काय झालं

ऑगस्टचा पहिला पंधरवडा ८.१ आला, आदल्या वर्षी १०.९ होता. नोव्हेंबर ५.९. एक टक्का म्हणजे महिन्याला १४ टन, आणि परत वितळवलेल्या मेटलची किंमत वजा करून टनामागे साधारण ४०,००० चं नुकसान आम्ही धरलं होतं, म्हणजे एका टक्क्याचे महिन्याला साडेपाच लाखांच्या वर. दादांनी हा हिशोब स्वतःच्या अकाउंटंटकडून तपासून घेतला आणि मान्य केला. वीजबिलाच्या नोटवरून मोठ्या हीट रात्री गेल्या.

फर्मच्या बाजूने मात्र हे प्रोजेक्ट फायद्याचं नव्हतं. पाच जादा शनिवारांचे ३.८ लाख, शेवटच्या ४ दिवसांचे अॅनालिस्ट नसतानाही अडीच लाखांच्या वर, रेट कार्डवर एकूण ५० लाखांच्या आसपासचं काम आणि मिळाले ४०. रियलायझेशन ८० टक्क्यांच्या आसपास, आणि रात्रीचे तास यात धरलेलेच नाहीत कारण ते कुठे लिहिलेलेच नव्हते.

ऑक्टोबरमध्ये ती कन्फर्म झाली. क्लायंटच्या रकान्यात तिला वरचा शेरा मिळाला, टीमच्या रकान्यात खालून दुसरा. अपवर्ड फीडबॅकमध्ये (टीमने मॅनेजरबद्दल दिलेल्या अभिप्रायात) एक वाक्य होतं, कोणी लिहिलंय ते लपण्यासारखं नव्हतं: "मला शिकवण्याऐवजी माझं काम त्या स्वतः करून टाकायच्या, त्यामुळे दोन महिन्यांत मी काय केलं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही." तिने ते वाक्य मला वाचून दाखवलं. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बेसलाइनपासून सुरू करतो. नवा माणूस पहिल्या आठवड्यात पार्टनरला "लेटर चुकलंय" म्हणू शकत नाही हे मला पटतं. पण "मागच्या ३ वर्षांचे महिनावार आकडे मागवून घेऊ का, पावसाळ्याचा फरक बघायचाय" हे तर म्हणू शकतो. कोणाचा पाणउतारा नाही, आणि आकडे आल्यावर ते आपलं आपण बोलतात. आता मी ज्या नव्या मॅनेजरचा बडी असतो त्याला पहिल्या पाच दिवसांत एवढं एकच विचारतो, तुझ्या जुन्या कामातलं असं काय आहे जे या लेटरमध्ये धरलेलं नाही, आणि ते मला लिहून दे.

वीजबिलाच्या "बघते की" बद्दल आमच्यात दोन तट आहेत. मला ते काम घेतलं हे चूक वाटत नाही, त्या नोटमुळेच शुक्रवारच्या बैठकीत दादा शेवटपर्यंत बसून राहिले असं माझं मत आहे. चूक झाली ती गेटवर उभ्या उभ्या उत्तर दिलं ही, आणि नंतर ते कुठेही लिहिलं नाही ही. तिला त्या वेळी दिवसाचे ७६,००० माहीत असते तर तिने एक दिवस मागून घेतला असता. तो शीट मी दाखवायला हवा होता. आता मी तो जॉइनिंगच्या दुसऱ्या दिवशी, चहा घेताना, रिकाम्या एक्सेलमध्ये नव्या मॅनेजरकडूनच भरून घेतो, कारण नुसता दाखवला तर कोणी बघत नाही.

सुट्टीचा वार तर एका फोनवर कळला असता. कोल्हापूरच्या पावसाळ्यातल्या कामात आम्ही आता अजून एक गोष्ट धरतो, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, म्हणून राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की टीम कुठल्या बाजूला थांबणार हे आधीच ठरवून ठेवतो, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसत नाही.

अॅनालिस्टचं मला अजून नीट सुटलेलं नाही. वेळ कमी असताना शिकवायचं कधी, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला ४ वाजताचा रिव्ह्यू हे अर्धंच उत्तर आहे. तिला रोज सकाळी तासभर मोल्डिंग लाइनवर बरोबर नेलं असतं, ब्लो होल आणि सँड इन्क्लूजन (कास्टिंगमध्ये अडकलेली वाळू) यांच्यातला फरक कास्टिंग हातात घेऊन दाखवला असता, तर पॅरेटो पहिल्यांदाच बरोबर आला असता असं मॅडमचं स्वतःचं म्हणणं आहे. डिफेक्ट कोड चुकत होते कारण त्या मुलीने ते डिफेक्ट कधी बघितलेच नव्हते.

जानेवारीत त्याच क्लायंटने कोअर शॉपचं दुसऱ्या टप्प्याचं काम दिलं, फी २६ लाख. टीमचा आठवडा मंगळवार ते शनिवार असाच प्लॅनमध्ये लिहिला, आणि नवा अॅनालिस्ट पहिले तीन दिवस मामांच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी दादा परत गेटवर भेटले.

"ताई, ते फेटलिंगच्या कंत्राटदाराचं राहिलंय बघा. जरा घ्या की मनावर."

तिने वही काढली, लिहून घेतलं. "लिहिलंय दादा, शुक्रवारी सांगते."

शुक्रवारी तिने सांगितलं की एका असोसिएटचे आठ दिवस लागतील, आणि त्याचे पैसे किती होतील. दादांनी थोडा विचार केला आणि म्हणाले मग राहू दे, मार्चनंतर बघू.